डाव्या हाताचे सहा आठवडे

सर डाव्या हाताने जेवायला लागले त्या दिवशी धायरीच्या त्या घरात मोठा खटका उडाला. त्यांनी वरणभात कालवला, डाव्या हाताने घास उचलला, आणि वाढायला उभ्या असलेल्या मामींनी भाताचं पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"अवो, त्यो हात जेवायचा न्हाय!"

सर शांतपणे म्हणाले, "मामी, ह्यो हात माजा न्हाय. एका पोरीचा हाय. सहा आटवडे वापरनार."

मामींना हे पटणं शक्यच नव्हतं. हात कुणाचाही असो, डावा तो डावाच. दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी मामांनी तोड काढली. सरांनी चमच्याने जेवावं, म्हणजे अन्नाला हात लागायचा प्रश्नच नाही. मामींनी नाइलाजाने मान डोलावली. भाकरी काही चमच्याने खाता येत नाही, त्यामुळे सर ते सहा आठवडे नुसत्या भातावर राहिले. ती पोरगी कोण आणि तिचा हात सरांना कशाला हवा होता, हे सांगायचं तर आधी सर सांगायला हवेत.

सर म्हणजे माझे टेबल टेनिसचे कोच. देशाने चेक, पेशाने खेळाडू. 'खेळाडू होते' असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. साठी जवळ आली होती तरी सकाळी दोरीवरच्या उड्या चुकायच्या नाहीत. उंची इतकी की मामांच्या घरात शिरताना दर वेळी वाकायला लागायचं. मामा म्हणजे आमच्या हॉलची झाडलोट आणि कुलूपकिल्ली बघणारे गृहस्थ. त्यांच्या घरातली वरची खोली सरांनी भाड्याने घेतली होती, आणि जेवायला ते खाली मामींच्या हातचं.

हॉल पुण्यातल्या बिबवेवाडीत होता, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. चार टेबलं. गिरणी सुरू झाली की फरशी बारीक थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत टेबलांवर पिठाचा थर बसायचा. मालकाने बाहेर भला मोठा फलक लावला होता, 'युरोपियन कोच', आणि त्याखाली सरांचा कोट-टायमधला फोटो. तो कोट सरांचा नव्हता आणि टायही नव्हता. फलक लागला त्याच दिवशी हॉलवर रोज खेळायला येणारे एक पेन्शनर काका दारातच म्हणाले, "चेक आहेत म्हणे. वटले म्हणजे मिळवली!"

सर वटले, आणि तेही त्याच संध्याकाळी. त्यांनी काकांना पाच मिनिटं खेळायला लावलं आणि स्वतः भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. मग ते टेबलापाशी गेले, काकांची बॅट मागून घेतली, आणि काका झाले. सर्व्हिसच्या आधी पँट वर ओढणं, बॉल हुकला की बॅटकडे संशयाने बघणं, बॅकहँड मारताना उजवा गुडघा दुखतो म्हणून डावीकडे झुकणं, आणि पॉइंट मिळाला की उगाच खाकरणं. काकांच्या बायको कोपऱ्यात स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया खाली टाकल्या. "अगंबाई, हे तर आमचे हे!" हॉल हसून हसून वेडा झाला. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, कारण सर नक्कल करत नव्हते. त्यांचे शॉट लागत होते. ते काकांसारखंच खेळत होते आणि काकांइतकंच चुकत होते, अगदी त्याच ठिकाणी.

हीच त्यांची उभ्या आयुष्याची कमाई होती. मामांनी त्यांचं नाव ठेवलं 'बहुरूपी', आणि वर म्हणायचे, "समदी सोंगं आनता येत्यात सायेब, पैशाचं सोंग तेवडं आनता येत न्हाय." सरांना ही म्हण फार आवडायची. ते ती हॉलच्या मालकाला ऐकवायचे.

मराठी ते मामांकडूनच शिकले. त्यामुळे हा निळ्या डोळ्यांचा गोरापान माणूस टेबलापलीकडून ओरडायचा, "बॉल हाय, बॅट हाय, पाय कुटं हायेत?" मुलीला सोडायला येणाऱ्या एक काकू होत्या. त्या राहायच्या बिबवेवाडीत, पण मनाने अजून नदीकाठच्या पेठांमध्येच होत्या. त्यांनी सरांना सुधारायचं मनावर घेतलं. "अहो, हाय नाही, आहे म्हणावं आपण." सर नम्रपणे ऐकायचे. "आहे," असं स्वच्छ म्हणायचे, आणि लगेच, "आता बरोबर हाय?" काकूंनी दोन महिन्यांनी नाद सोडला.

मोठ्या गोष्टी मात्र ते इंग्रजीत सांगायचे, तोडक्यामोडक्या, थांबत थांबत. मी त्या माझ्या मराठीत देते आहे. त्यातलं अर्धं मला तेव्हाच कळलं आणि अर्धं पुढे कधीतरी.

त्यांचं गाव लहान होतं आणि गावात काचेचा कारखाना होता. वडील तिथे काच फुंकायचे. रात्रपाळी सुरू व्हायच्या आत कँटीनची टेबलं जोडून कामगार टेबल टेनिस खेळायचे. सर तिथे खेळायला शिकले आणि खेळता खेळता कामगारांची सोंगं काढायला शिकले. मी खडकीची. माझे पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मीही पहिली बॅट धरली ती कामगारांच्या क्लबातच. हे सांगितलं तेव्हा पप्पाही बरोबर होते, आणि सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मामांना खालून तीन चहा आणायला लावले. चहा आल्यावर पप्पांशी हात मिळवला आणि म्हणाले, "म्हंजी आपन एकाच गावचं."

सतराव्या वर्षी ते देशाच्या शिबिरात गेले. तिथे एका संध्याकाळी मुलांना हसवायला म्हणून त्यांनी संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं सोंग काढलं. मुलं लोळली. कोच हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सरांना बोलावलं आणि सांगितलं, "सोमवारपासून तू चिनी." कारण पुढच्या महिन्यात त्यांच्या मोठ्या खेळाडूची गाठ एका चिन्याशी होती. सर सोमवारपासून चिनी झाले. मग स्वीडिश झाले, मग कोरियन. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. कुठल्याही मोठ्या स्पर्धेआधी क्लब त्यांना बोलवायचे, समोरच्याचे व्हिडिओ हातात द्यायचे, आणि सर महिनाभर तो माणूस व्हायचे. त्याच्यासारखं चालायचे, त्याच्यासारखा टॉवेल धरायचे. त्यांच्याकडे अकरा बॅटा होत्या, प्रत्येक बॅट एकेका लोकरी मोज्यात. कुठली बॅट कोणाची, हे ते मोज्याच्या रंगावरून सांगायचे.

लोक जिंकले. ते पदकं घ्यायचे तेव्हा सर गर्दीत प्रेक्षकांच्या खुर्चीवर असायचे. "तुम्हाला वाईट नाही वाटायचं?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "का? मी रोज त्याला हरवत व्हतो." मग जरा वेळाने, "आनि रोज त्याच्याकडून हरत बी व्हतो." आपल्याकडे असा माणूस असता तर त्याने आयुष्यभर घरच्यांचं डोकं खाल्लं असतं. सरांच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. मला त्यांचं नवल वाटायचं, आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटायची.

स्वतःच्या नावाने मोठ्या स्पर्धेत ते एकदाच उतरले. संघातला एकजण आजारी पडला आणि ऐन वेळी सरांना उभं केलं. पहिल्याच फेरीत समोर आला तो, ज्याला त्यांनी अख्खा हिवाळा सराव दिला होता. सामना शेवटच्या गेमपर्यंत गेला. नऊ-नऊ झाले, अकराला गेम. सर्व्हिस सरांची. ते म्हणाले, मी बॉल तळहातावर घेतला आणि विचार केला, आता कुणाची सर्व्हिस करू? चिन्याची? कोरियनची? सगळे एकदम पुढे आले. त्यांनी कशीबशी एक सर्व्हिस केली, मग दुसरी केली, आणि सामना संपला. हे सगळं इंग्रजीत सांगून झालं आणि शेवटचं वाक्य तेवढं ते धायरीच्या मराठीत बोलले. "माजा हात मला घावला न्हाय." खाली गिरणी चालू होती. मामा झाडू हातात धरून तसेच उभे राहिले होते.

कानांचं एक राहिलं. सर भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे आणि मागे चार टेबलांवर काय चाललंय ते सांगायचे. बॉलच्या आवाजावरून. "तीन नंबर, बॅटचं रबर मेलं तुजं, बदल." "एक नंबर, पोरगी घाबरली." गिरणीच्या घरघरीतून त्यांना हे कसं कळायचं, देव जाणे. आम्ही त्यांना फसवायला बघायचो. एकदाही फसले नाहीत.

आता माझ्याबद्दल. मी वाईट खेळत नव्हते. जिल्ह्यात, विद्यापीठात माझं नाव होतं. पण नऊ-नऊ झाले की मी हरायचे. दर वेळी. मला वाटायचं नशीब. पप्पांना वाटायचं खुराक. एका गुरुवारी पप्पा सकाळची पाळी करून माझ्याबरोबर हॉलवर आले होते आणि भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सर टेबलापलीकडे उभे राहून म्हणाले, "आज नवी पोरगी. खेळ."

मी खेळले. समोरची 'पोरगी' बरी होती. बॅकहँड चांगला, पाय हलके. सर्व्हिसच्या आधी दोनदा हात टी-शर्टला पुसायची. पण एक खोड होती. पॉइंट गेला की ती मान वळवून भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघायची, काहीतरी सांडल्यावर मूल बघतं तसं. आणि गुण बरोबरीला आले की ती मारायचीच बंद व्हायची, बॉल नुसता पलीकडे ढकलायची आणि मी चुकायची वाट बघायची. मी तिला अकरा-पाच हरवलं. दुसऱ्या गेममध्ये अकरा-चार. मला मजा वाटायला लागली होती.

"सर, ही कोण?" मी म्हटलं. "हिला हरवायला घामसुद्धा आला नाही!"

मामा झाडता झाडता थांबले आणि बाहेर निघून गेले. पप्पा खाली फरशीकडे बघायला लागले. सरांनी बॅट टेबलावर ठेवली.

"तू," ते म्हणाले.

मी बॅट फेकली. ती कुठे पडली तेही बघितलं नाही. स्वारगेटपर्यंत चालत गेले आणि चार दिवस हॉलवर फिरकले नाही. सरांचा राग आला होता असं मी आईला सांगितलं. ते खोटं होतं. त्या टेबलापलीकडे मी स्वतःला बघितलं होतं आणि तिची मला कीव आली होती, ते सहन होत नव्हतं. पाचव्या दिवशी पप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मी तिथे बसायला नको का? मी आपला बाहेर थांबत जाईन. तू जा." त्यांनी हे इतक्या साधेपणाने विचारलं की मी रडले. त्या संध्याकाळी मी परत हॉलवर गेले. सरांनी माझी बॅट एका मोज्यात घालून ठेवली होती. बारावा मोजा.

त्यानंतर पप्पा खरंच जिन्यात थांबायला लागले. खोड मात्र गेली नाही. पॉइंट गेला की मी आता सरांकडे बघायला लागले.

अशात ती जाहिरात आली. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा, टेबल टेनिस, महिला, जागा एक. पप्पा त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागते. धाकटा भाऊ कॉलेजात होता. घरात कुणी मला 'तुझ्यावर आहे' असं म्हणालं नाही, पण आई माझ्या पोळीवर तूप जास्त घालायला लागली आणि त्यातच सगळं आलं. नोकरी मिळाली तर आम्ही पुण्यात राहणार होतो. नाही तर पप्पांच्या डोक्यात गावाकडचं घर होतं, आणि तिथे टेबल टेनिसचं टेबलच काय, टेबलसुद्धा नव्हतं.

निवडीच्या चाचणीत आठ जणी होत्या. त्यातली एक, मुंबईकडची, सगळ्यांना माहीत होती. डावखुरी, भयंकर स्पिन, दोन वर्षं राज्यात कुणाकडून हरली नव्हती. सरांनी तिचे व्हिडिओ मामांच्या मुलाच्या लॅपटॉपवर तीन दिवस बघितले. चौथ्या दिवशी सकाळी हॉलवर आले ते बॅट डाव्या हातात धरून.

मी म्हटलं, "सर, तुम्ही उजवे आहात."

"आज न्हाय," ते म्हणाले.

सहा आठवडे ते डावरे होते. कुलूप डाव्या हाताने उघडायचे, दाढी डाव्या हाताने करायचे. गालावर कापल्याच्या खुणा घेऊन यायचे. जेवणाचं तर सांगितलंच. पहिल्या आठवड्यात त्यांचा बॉल छताला लागायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडून हरायला लागले. पाचव्या आठवड्यात मी डोळे मिटले तरी मला ती मुंबईची मुलगी दिसायची. या वयात हा माणूस एका अनोळखी मुलीचा हात स्वतःच्या खांद्याला लावून घेत होता, आणि तो माझ्यासाठी. रात्री त्यांचा खांदा दुखायचा. मामी चिडचिड करत का होईना, हळद गरम करून लावायच्या. त्यांना हळद डाव्या खांद्याला लावलेली चालत होती.

चाचणीच्या दिवशी आईने मला बुद्धांच्या फोटोपुढे क्षणभर उभं केलं आणि डोक्यावरून हात फिरवला. हॉल शहरातला होता, मोठा, लाकडी फरशीचा. सर आणि पप्पा दोघंही आले. आता इतकं मोठं काम असताना पप्पांना जिन्यात थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दोघं शेजारी शेजारी बसले. मी दोन सामने जिंकले. फायनलला आले.

आणि पलीकडच्या टेबलावर मुंबईची डावखुरी हरली.

तिला हरवलं ते कुणालाच माहीत नसलेल्या एका मुलीने. भंडाऱ्याकडची. शाळेच्या आवारातल्या सिमेंटच्या टेबलावर शिकलेली, असं तिच्याबरोबर आलेले मास्तर सांगत होते. बॅट लाटणं धरावं तशी धरायची. सर्व्हिस करताना पाय दाणकन आपटायची, आणि मग बॉल कधी लांब यायचा, कधी नेटजवळच मरायचा. असलं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

पहिला गेम हरले. दुसरा हरले. पाचांतले तीन जिंकायचे असतात. दोन गेमच्या मध्ये मिनिटभर कोचशी बोलता येतं. पहिल्या गेमनंतर सरांनी नुसतं पाणी दिलं होतं. या वेळी मी धावतच गेले.

"सर, काय करू? ही कशी खेळते?"

"म्हाईत न्हाय."

"म्हणजे काय?"

ते इंग्रजीत म्हणाले, एक माणूस कळायला मला सहा आठवडे लागतात. हिला मी वीस मिनिटं बघितलंय. मग ते उठले. पप्पांच्या दंडाला धरून त्यांनाही उठवलं. "आमी भायेर," ते म्हणाले, आणि पप्पा काही विचारायच्या आत त्यांना घेऊन दारातून चालते झाले.

मला वाटलं काहीतरी आणायला गेले असतील. पंचांनी बोलावलं. तिसरा गेम सुरू झाला आणि पहिलाच पॉइंट गेला. मी मान वळवली. दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. एकीवर पप्पांची पाण्याची बाटली. ते दोघं परत येणार नाहीत हे मला तेव्हा कळलं. अशी संतापले मी! सहा आठवडे भात खाऊन, खांदा मोडून घेऊन, ऐन वेळी हा माणूस उठून निघून जातो? तोंडात शिव्याच आल्या. बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी त्या मुलीकडे बघितलं. दोन गेम तिच्यासमोर खेळले होते आणि तिला आत्ता पहिल्यांदा बघत होते. तिच्या कोपरावर खरचटल्याची सुकलेली खूण होती. ती घाबरलेली होती. तिलाही ती नोकरी हवी होती, कदाचित माझ्यापेक्षा जास्त. आणि पाय आपटायच्या आधी तिची डावी टाच उचलली गेली तर बॉल लांब येत होता.

टाच नाही उचलली तर आखूड.

तिसरा गेम मी जिंकला. चौथा जिंकला. पाचव्यात नऊ-नऊ झाले, मग माझे दहा झाले, आणि मग सामना संपला. त्या मुलीने हात मिळवला. तिचा हात गार होता. तिचे मास्तर तिची बॅट रुमालात गुंडाळत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मी बाहेर आले. पायऱ्यांवर सर बसले होते, हॉलकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून, दोन्ही कानांत बोटं घालून. खिडक्या उघड्या होत्या. बॉलचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, आणि तो कानावर पडला असता तर त्यांना सगळं कळलं असतं. पप्पा फाटकापाशी उभे होते. मला बघितल्याबरोबर तक्रारच केली त्यांनी. "सुरुवातीला दोनदा आत यायला निघालो गं, यांनी मनगट धरून बसवलं! म्हणाले, तिला बघायला कुणी नको."

"पप्पा, मिळाली," मी म्हटलं.

त्यांना एकदम कळलं नाही. मग ते येऊन पायरीवर बसले आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसतच राहिले.

मी सरांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, कानांतून बोटं काढली, माझ्या तोंडाकडे बघितलं. निकाल विचारला नाही. तो त्यांना दिसलाच असणार. त्यांचे डोळे भरले होते.

"मी बगितलं न्हाय," ते म्हणाले.

आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांचं जिंकणं खुर्चीत बसून बघितलं होतं. हे एक त्यांचं स्वतःचं होतं. आणि तेवढंच त्यांनी भिंतीपलीकडे सोडून दिलं होतं, मला ते मिळावं म्हणून. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं.

"थांबा सर," मी म्हटलं. "दाखवते."

मी फुटपाथवर उतरले. बॅट लाटण्यासारखी धरली. कोपर आत घेतलं, खरचटलेलं कोपर दुखतंय असं. पाय आपटला, आणि टाच उचलली नाही. आखूड सर्व्हिस. मग तीन पावलं पलीकडे गेले आणि मी झाले. दहा-नऊ. इथे मी आजवर बॉल नुसता ढकलायचे. ढकलला नाही. एक पाऊल टेबलाच्या आत टाकलं, आणि मारला, सरळ, तिच्या उजव्या हाताच्या बाहेरून. बॉल कुठे पडला ते फुटपाथच्या कडेला बोट लावून दाखवलं. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून बघत होता.

सर जागचे हलले नाहीत. बराच वेळ त्या कडेकडेच बघत होते.

"परत दाव," ते म्हणाले.